गुडघा वाकण्याआधी सरळ व्हायला हवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गुडघा बदलून चौथ्या दिवशी जिना चढणाऱ्या आजींच्या जाहिराती सध्या ठाण्यात बसथांब्यापासून रिक्षाच्या पाठीपर्यंत दिसतात. त्या खोट्या नाहीत. चौथ्या दिवशी जिना चढता येतो, बरेच जण चढतातही. जाहिरातीत पाचवा दिवस नसतो, एवढेच. पाचव्या दिवसापासून पुढचे सहा आठवडे घरात काय व्हायला हवे, याबद्दल डिस्चार्ज कार्डावर बहुतेक वेळा एकच ओळ असते : फिजिओथेरपी चालू ठेवावी. ती ओळ वाचून घरचे लोक आपापल्या अकलेने जे करतात आणि त्यातून जे बिघडते, त्याबद्दल हे पत्र.

भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा एकच प्रश्न विचारतो, ‘‘किती वाकतो हो आता?’’ नव्वद अंश झाला म्हटले की सगळे खूश. (पूर्ण सरळ गुडघा म्हणजे शून्य अंश.) सरळ किती होतो, हे कोणी विचारत नाही. वास्तविक पहिल्या महिन्यात तोच प्रश्न मोठा. सपाट रस्त्यावर चालताना पाय पुढे घेण्यापुरता गुडघा जेमतेम 65 ते 70 अंश वाकावा लागतो. जिन्यासाठी साधारण 85 ते 100, आणि बुटक्या खुर्चीतून उठायला 100 च्या आसपास. पण टाच जमिनीला टेकते तेव्हा गुडघा जवळजवळ पूर्ण सरळ लागतो, आणि तो प्रत्येक पावलाला लागतो. दहा अंश जरी बाक राहिला, तर नुसते उभे राहतानाही मांडीचा पुढचा स्नायू सतत ताणलेला राहतो. ओट्याशी दहा मिनिटे उभे राहिले की मांडी भरून येते, पाय आखूड झाल्यासारखा वाटतो, माणूस लंगडतो आणि दुसऱ्या गुडघ्यावर व कंबरेवर भार जातो. मग ‘ऑपरेशन बिघडलं’ असा निष्कर्ष. आमच्या मते 95 अंश वाकणारा पण पूर्ण सरळ होणारा गुडघा, 115 अंश वाकणाऱ्या पण बाक राहिलेल्या गुडघ्यापेक्षा कितीतरी चांगला. शिवाय वाकणे पुढे कित्येक महिने हळूहळू सुधारत राहते. सरळ होण्याच्या बाबतीत मात्र सुरुवातीचे आठवडे हातचे गेले की आतले आवरण आणि मागचे स्नायू आखडतात, आणि मग फार झगडावे लागते.

बाक राहतो कशामुळे? उशीमुळे. सुजलेल्या सांध्याच्या पिशवीतला दाब सर्वांत कमी असतो तो गुडघा साधारण 30 अंश वाकलेला असताना. म्हणून लवणीखाली, म्हणजे गुडघ्याच्या मागच्या खळग्याखाली, उशी सरकवली की रुग्णाला हायसे वाटते. घरच्यांना वाटते, आराम पडला. तीच उशी रात्रभर राहते, दिवसा सोफ्यावर तिची जागा तक्क्या घेतो, आणि तीन आठवड्यांत गुडघा त्याच कोनात बसायला शिकतो. उशी ठेवायचीच तर टाचेखाली ठेवा, गुडघा अधांतरी राहू द्या. पाय उंच ठेवायचा असेल तेव्हा पोटरीपासून टाचेपर्यंत अखंड आधार हवा, पाय छातीच्या पातळीपेक्षा वर हवा आणि तरीही गुडघा सरळच हवा.

घरच्या घरी तपासायची पद्धत सोपी आहे. रुग्णाला कडक गादीवर उताणे झोपवा, बोटे छताकडे. लवणीखालून तळहात सरकवून पाहा. हात आरपार मोकळा जात असेल, तर अजून बाक आहे. मग जाड टॉवेलची चार-पाच इंची गुंडाळी करून टाचेखाली ठेवा. पोटरी आणि लवण दोन्ही गादीपासून सुटलेली हवीत. असे पाच ते दहा मिनिटे, दिवसातून चार वेळा. मागच्या शिरा ओढल्यासारख्या वाटतात, ते अपेक्षितच आहे. याच स्थितीत मांडी आवळून गुडघा खाली दाबायचा, चवडा आपल्याकडे ओढायचा, पाच अंक मोजायचे, सोडायचे. असे दहा वेळा, जागेपणी दर तासाला. एकावेळी पन्नास काढून दिवसभर सुट्टी घेण्यापेक्षा हे बरे. पहिल्या महिन्यात मांडीच्या या स्नायूची ताकद अर्ध्याहूनही कमी उरते. स्नायू कापलेला नसतो. सूज आणि वेदनेमुळे मेंदूच त्याला आखडता हात घ्यायला लावतो. त्यामुळे दर तासाला त्याची आठवण करून द्यावी लागते.

इथे एक बारकावा. हाताने दाबले तर पाय सरळ होतो, पण स्वतःहून उचलायला सांगितला की गुडघा पुढे मोडतो आणि टाच मागे राहते, असे अनेकांचे होते. हा सांध्याचा बाक नव्हे, स्नायूचा अशक्तपणा आहे. उपाय वेगळा : लवणीखाली तांब्या मावेल एवढी चादरीची गुंडाळी ठेवून फक्त टाच उचलायची, पाय सरळ करून पाच अंक थांबवायचा आणि आवर घालत हळूहळू खाली आणायचा. (गुंडाळी व्यायामापुरतीच. झाला की काढायची.) जोपर्यंत पाय न मोडता सरळ उचलला जात नाही, तोपर्यंत वॉकर सोडायची घाई नको. गुडघा अचानक लटपटून पडणारे बहुतेक जण याच टप्प्यावर पडतात.

वाकवण्यासाठी महागड्या यंत्राची गरज नाही. पाय आपोआप हलवणारे सीपीएम मशीन काही जण महिनाभर भाड्याने आणतात. अभ्यासांत त्याचा सांगण्यासारखा फायदा दिसलेला नाही, आणि यंत्र पाय हलवत असताना स्नायू आपले स्वस्थ पडलेले असतात. त्यापेक्षा हातांच्या खुर्चीवर बसा, पायाखाली वर्तमानपत्राचा एक ताव टाका (संपादक महोदय, शिळा अंकही चालतो) आणि गुळगुळीत लादीवर पाऊल मागे मागे सरकवा. जिथे अडेल तिथे दहा अंक थांबा, मग पाऊल तिथेच रोवून खुर्चीवर बूड किंचित पुढे सरकवा. दोन-चार अंश तेवढ्याने मिळतात. दिवसातून तीन वेळा, दर वेळी दहा-बारा. दोन आठवड्यांत 90 च्या जवळ, सहा ते बारा आठवड्यांत 110 ते 120, ही साधारण चाल. ऑपरेशनपूर्वीच गुडघा 80 अंशांवर अडत असेल, तर शेजारच्या काकूंच्या 125 शी तुलना करण्यात अर्थ नाही. मात्र सहाव्या आठवड्यालाही 90 गाठता येत नसेल, तर वाट पाहत बसू नका, सर्जनना दाखवा. भूल देऊन सांधा मोकळा करण्याचा मार्ग पहिल्या तीनेक महिन्यांतच जास्त उपयोगी पडतो.

वेदनाशामक गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी, नंतर नव्हे. जेवढी लिहून दिली आहे तेवढीच. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना केमिस्टकडून आणखी एक ‘दुखण्याची स्ट्राँग’ गोळी आणून घेतल्याने पोटात रक्तस्राव झालेले, किडनीवर ताण आलेले रुग्ण असतात. बद्धकोष्ठ ठरलेलाच, कारण ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या, लोहाच्या गोळ्या आणि कमी हालचाल असे तिन्ही एकत्र येतात. पहिल्या दिवसापासून पाणी आणि रात्री इसबगोल.

आता शेक आणि मालिश. बर्फाने वात धरेल, ही समजूत आपल्याकडे इतकी घट्ट आहे की फ्रीजमध्ये बर्फ असूनही घरी गरम पाण्याची पिशवी निघते. पहिले काही आठवडे सांधा आतून तापलेलाच असतो. शेकाने रक्तपुरवठा वाढतो, सूज वाढते, आणि सुजलेला गुडघा सरळही होत नाही नि वाकतही नाही. कोरड्या पंचात गुंडाळलेला बर्फ 15 ते 20 मिनिटे, दिवसातून चार-पाच वेळा, विशेषतः व्यायामानंतर. टाक्यांच्या चट्ट्याच्या बाहेरच्या बाजूला बहुतेकांना बधिर वाटते, तिथे बर्फ थेट ठेवला तर कातडी भाजते आणि कळतही नाही. मालिशवाल्या मावशींना तर पहिले तीन महिने पोटरीला हात लावू देऊ नका. शिरेत गुठळी झाली असेल, तर चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते, आणि ते जिवावर बेतते. महानारायण तेलाचा राग नाही, त्याची वेळ ही नव्हे. जखम पूर्ण भरल्यावर, सर्जनच्या संमतीने, चट्ट्यावर बोटांनी हलका दाब देणे ही वेगळी गोष्ट.

दुसरी समजूत ‘हाड जुळेपर्यंत झोपून राहा’. इथे जुळायचे हाड नसते. बहुतेक गुडघे बोन सिमेंटने बसवतात आणि ते ऑपरेशन टेबलावरच मिनिटांत घट्ट होते. म्हणून त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पूर्ण भार देऊन उभे करतात. सर्जननी भाराबद्दल वेगळे सांगितले असेल तरच अपवाद. डिंकाच्या लाडवांनी गुडघा लवकर बरा होत नाही, वजन मात्र वाढते. जखम भरायला आणि स्नायूंना प्रथिने लागतात : 60 किलोच्या माणसाला दिवसाला 70 ते 90 ग्रॅम. (किडनीचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.) एका अंड्यात सहा, पेलाभर दुधात सहा-सात, वाटीभर घट्ट वरणात सहा-आठ ग्रॅम असतात. म्हणजे वरणभात आणि चहा-बिस्किटांवर हा आकडा गाठला जात नाही. वाटीभर उसळ, पनीर किंवा अंडी रोज हवीत.

याच्या उलट टोकाचेही लोक आहेत. तिसऱ्या आठवड्यात तळावपाळीला, म्हणजे तलावाभोवती, दोन फेऱ्या मारून आलो, असे अभिमानाने सांगतात आणि दुसऱ्या दिवशी गुडघा नारळासारखा टणक झालेला असतो. सुरुवातीला पाच-पाच मिनिटे, दिवसातून पाच-सहा वेळा, घरातल्या घरात. व्यायामानंतर वाढलेले दुखणे दोन तासांत उतरले नाही किंवा सकाळी सूज कालच्यापेक्षा जास्त असली, तर त्या दिवशी व्यायामाची मात्रा निम्मी करायची. बंद करायची नाही. उपवन, मिनी सी-शोअर वगैरे ठिकाणी फिरणे सहा आठवड्यांनंतर.

वॉकरची उंची हा आमचा कायमचा वैताग. रुग्ण सरळ उभा, हात सैल सोडलेले : वॉकरची मूठ मनगटाच्या घडीच्या पातळीला यायला हवी, म्हणजे धरल्यावर कोपर किंचित वाकते. शेजाऱ्यांकडून आणलेला वॉकर त्यांच्याच उंचीचा असतो. तो ठेंगणा पडला की माणूस पुढे वाकून चालतो आणि गुडघा पुन्हा वाकलेलाच राहतो. चारही पायांना छिद्रे आणि बटणे असतात. दोन मिनिटांचे काम, पण कोणी करत नाही. खालचे रबरी बुच झिजले असतील तर ते आधी बदला. ओल्या लादीवर उघडी नळी म्हणजे स्केटिंगच. पुढे काठी आली की ती ऑपरेशनच्या विरुद्ध हातात धरायची. दुखऱ्या बाजूला धरण्याचा मोह सगळ्यांनाच होतो.

घराची तयारी ऑपरेशनच्या आधी करावी, आणि त्यासाठी मेजर टेप घेऊनच बसावे. वॉकर साधारण दोन फूट रुंद असतो आणि ठाणे-नवी मुंबईतल्या जुन्या घरांत बाथरूमचे दार त्याहून फारसे मोठे नसते. तो दारात अडतो, मग माणूस वॉकर बाहेर सोडून भिंतीला धरत आत जातो, आणि नेमका तिथेच उंबरा आणि खाली ओली लादी. वॉकर आडवा करून बाजूने आत जायचा सराव आधीच करून ठेवावा. टॉवेलचा दांडा आधारासाठी नसतो, तो भिंतीतून उखडतो. व्हॅक्यूमने चिकटणारे हँडलही नको. भिंतीत खिळवलेला स्टीलचा दांडा, जमिनीपासून तीन फुटांच्या आत-बाहेर. कमोड साधा 15-16 इंच असतो. त्यावर चार इंचांची उंच सीट घातली की उठणे सुसह्य होते. सिडकोच्या जुन्या घरांत अजून भारतीय पद्धतीचे संडास आहेत, तिथे कमोड-खुर्चीचे भांडे काढून खुर्ची वर ठेवता येते. अंघोळीला बारीक पायांची प्लास्टिकची खुर्ची नको, उठताना तिचे पाय फाकतात. बसायची खुर्ची 18 ते 20 इंच उंच, हातांची. खोल सोफा नको, चौरंग तर नकोच. येत्या गौरी-गणपतीला मांडी घालून बसायचा आग्रह कोणी करू नये. आरती उभ्याने होते, जेवण टेबलावर होते.

वाशी, नेरूळ, सानपाडा, इकडे नौपाडा, वर्तकनगर : लिफ्ट नसलेल्या तीन-चार मजली इमारतींत राहणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. जिन्याचा नियम लहान मुलालाही पाठ होईल असा आहे : चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. काठी विरुद्ध हातातच, पण टाकायची ऑपरेशनच्या पायाबरोबर, एकाच वेळी. वॉकर जिन्यावर वापरायचा नाही, तो घडी करून दुसऱ्याने न्यायचा. एका हातात कठडा, दुसऱ्यात काठी, एका पायरीवर दोन्ही पाय. सोबतचा माणूस चढताना मागे, उतरताना पुढे, एक पायरी खाली. सोसायट्यांना विनंती : प्रत्येक मजल्याच्या वळणावर एक भक्कम खुर्ची ठेवा आणि हलणारा कठडा वेल्ड करून घ्या. खर्च रंगकामाच्या मानाने किरकोळ आहे. पिना किंवा टाके 12 ते 14 दिवसांनी काढतात. त्याच फेरीत बाकीची कामे उरका, रक्ताचे नमुने घरी येऊन नेतात.

रिक्षाचे सांगायचे तर, गुडघा नव्वद अंश वाकण्यापूर्वी रिक्षा नकोच. आत पाय पसरायला जागा नसते आणि घोडबंदर रोडच्या एकेका खड्ड्याला गुडघा समोरच्या दांड्यावर आपटतो. चारचाकीत पुढची सीट पूर्ण मागे सरकवून, आधी बूड टेकायचे, मग दोन्ही पाय आत वळवायचे. रेल्वेचे पूल साधारण सहा आठवडे टाळावेत.

काय साधारण आणि काय धोक्याचे, यात फार गल्लत होते. गुडघ्याचा गरमपणा तीन ते सहा महिने राहतो. निळसर डाग घोट्यापर्यंत उतरतात. चालताना धातू-प्लास्टिकचा कट्‌कट् आवाज येतो. यात काही बिघडलेले नाही. पण पोटरी दगडासारखी होऊन दुखू लागली, दम लागला किंवा छातीत कळ आली, तर तेव्हाच्या तेव्हा रुग्णालय. जखमेतून पाचव्या-सहाव्या दिवसानंतरही पाणी येत असेल, लाली पसरत असेल किंवा ताप 101 च्या वर गेला असेल, तर त्याच दिवशी सर्जनना फोन. इथे एक चूक सर्रास होते : जवळच्या दवाखान्यातून पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या आणल्या जातात. पाणी थांबते, सगळे निर्धास्त होतात, आणि आतला जंतू धातूवर चिकट थर करून बसतो. पुढे सांध्यातले पाणी तपासले तरी तो सापडत नाही. सर्जनने पाहण्याआधी एकही गोळी नको.

पावसाळ्यात दोन गोष्टी जास्तीच्या. बोटांच्या बेचक्यांतले चिखले आणि टाचेच्या भेगा ही जंतूंची दारेच आहेत. पाय कोरडे ठेवा, आणि साचलेल्या पाण्यात तर मुळीच उतरू नका. दुसरे, डेंग्यूच्या दिवसांत ताप आला तर रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्याचे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, कारण प्लेटलेट उतरलेल्या असताना ती गोळी घातक ठरते.

राहिला पैशांचा मुद्दा. ऑगस्ट 2017 मध्ये केंद्राने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली, ते चांगलेच झाले. पण सांध्याची किंमत आटोक्यात आली तरी घरच्या फिजिओथेरपीचा खर्च बहुतेक पॅकेजच्या बाहेरच राहिला, आणि काटकसर नेमकी तिथे होते. रोज माणूस बोलावणे परवडत नसेल तर आठवड्यातून दोनदा बोलावा, कोन मोजून घ्या, व्यायाम शिकून घ्या आणि बाकीचे दिवस घरच्यांनी करून घ्या. वॉकर, कमोड-खुर्ची विकत घेण्याआधी चौकशी करा, बऱ्याच सामाजिक संस्था अनामत घेऊन वापरायला देतात.

ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही शहरांतल्या रुग्णालयांकडे आमचे एवढेच मागणे आहे : डिस्चार्ज कार्डावर मराठीत दोन आकडे लिहावेत, गुडघा सरळ होण्यात किती अंश कमी आहे आणि वाकतो किती. त्याखाली वॉकरची उंची इंचांत, रक्त पातळ करणारी गोळी कोणत्या तारखेपर्यंत, आणि रात्री अकरा वाजता जखमेतून पाणी आले तर उचलला जाईल असा एक फोन नंबर.

कळावे.

आपले,
घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देणारे काही जण, ठाणे व नवी मुंबई
(नावे संपादकांकडे दिली आहेत.)